उमरीच्या पैशाचा हिशेब

दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, लातूरमध्ये झेंडावंदन झालं की भाषणांत उमरीची बँक येतेच. लूट कशी झाली हे रंगवून सांगितलं जातं आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं: ‘पैन् पैचा हिशेब दिला!’ लहानपणी मला बंदुकांचा भाग आवडायचा. आता ते शेवटचं वाक्यच विचारात पाडतं. पराक्रमाच्या गोष्टीत हिशेब कशाला लागतो?

तारीख होती 30 जानेवारी 1948. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. हैदराबाद संस्थान अजून निजामाच्या ताब्यात होतं. नोव्हेंबर 1947 मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार झाला होता, पण खेड्यापाड्यांत रझाकारांचा धुमाकूळ चालूच होता. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ चारच दिवसांपूर्वी पुन्हा तुरुंगात गेले होते. चळवळ चालत होती ती सरहद्दीपलीकडच्या, भारताच्या हद्दीतल्या कॅम्पांवरून. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड हा त्यातलाच एक कॅम्प. कॅम्प म्हटला की दोन वेळचं जेवण आलं, हत्यारं आली, औषधं आली. शिवाय तिथली बहुतेक पोरं घरदार मागे टाकून आलेली. पैसा सगळ्यालाच लागत होता.

उमरी हे नांदेड जिल्ह्यातलं, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं कापसाच्या व्यापाराचं गाव. तिथे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. नागनाथ परांजपे, साहेबराव बारडकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची नावं या मोहिमेशी जोडलेली आहेत. हाती लागले सुमारे 20 लाख रुपये. निजामाचा रुपया म्हणजे हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये. त्या हिशेबाने ही रक्कम सतरा लाख कलदारांच्या घरात जाते. सगळ्या दहा-दहाच्या नोटा धरल्या, तर दोन लाख नोटा! ज्यांनी एवढा पैसा जन्मात पाहिला नव्हता, त्यांच्या हाती तो रात्रीच्या अंधारात पडला होता.

इथे थोडं थांबून पाहू. बँकेचं खातं शत्रूकडे. लुटीची पावती नाही. एखादी गड्डी कमी झाली असती, तर फिर्याद कोण करणार होतं? आणि घेणाऱ्याला निमित्तही भरपूर होती. मागे घर जळालेलं, आई आजारी, बायको माहेरी पोचवलेली. मोहाला लबाड माणूसच लागतो असं नाही. गरजू माणूसही पुरतो.

पण मोहापेक्षा वाईट असतो संशय. गड्डी घेतो एकच, पण त्यानंतर सगळेच एकमेकांकडे चोरून बघू लागतात. ज्याच्या भरवशावर आपण रात्री झोपतो, तोच पहाऱ्यावर असताना झोप लागेनाशी होते. गुप्त तुकडी गोळीने मरते त्याहून लवकर अशा नजरेने मरते.

पुढे संशयाला खतपाणी मिळावं अशीच हवा तयार झाली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान मुक्त झालं आणि लढताना एक असलेली स्टेट काँग्रेस आतून दुभंगली. एका बाजूला स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ, दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्णराव आणि दिगंबरराव बिंदू. यातले बिंदू लढ्याच्या काळात कृती समितीचे प्रमुख होते. म्हणजे भांडणारे परके नव्हते. एकाच लढ्यातले सोबती होते. कालचे सोबती असे समोरासमोर आले की ‘त्या पैशाचं काय झालं?’ हा प्रश्न तोंडात यायला वेळ लागत नाही.

अशा वेळी ‘तो तसला माणूस नाही’ एवढं म्हणून भागत नाही. मित्र साक्ष देतो, विरोधक ती झटकून टाकतो. कागदाला मात्र गट नसतो. उमरीची गोष्ट सांगताना मराठवाडा आजही हिशेबावर बोट ठेवतो, त्याचं कारण मला यात दिसतं. बंदूक चालवणारे पुष्कळ निघतात; लुटीच्या पैशाचीही वही असली पाहिजे असं मानणारे थोडे.

आपल्याकडे हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा समज आहे. ‘आपल्यात कसला हिशेब?’ असं म्हणूनच दोस्त भागीदारीला बसतात आणि पुढे एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात. 1993 च्या भूकंपानंतर आमच्या भागात मदतीचा पैसा आला, तेव्हा भाऊ भावाला पारखा झाल्याच्या गोष्टी कानावर आल्याच. पैसा वाईट नव्हता. तो कुणाचा, किती आणि कशासाठी हे सगळ्यांसमोर बोललं गेलं नव्हतं.

आडत बाजारातला जुना मुनीम सख्ख्या भावाकडूनही वहीवर सही घ्यायचा. त्याचा भावावर भरवसा नव्हता म्हणून नव्हे, तर तो भरवसा टिकावा म्हणून.