मुख्य वाट खचली तेव्हा : राउटरच्या राखीव डायल-अपचा इतिहास

१३ एप्रिल १९९८, ईस्टरनंतरचा सोमवार. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या एका स्विचमधील कार्डाचे सॉफ्टवेअर त्या दुपारी अद्ययावत केले जात होते. त्या कामात काही बिनसले आणि संदेशांचा असा लोंढा सुटला, की त्याला तोंड देता देता एकामागून एक स्विच गुदमरत गेले. कंपनीचे देशभर पसरलेले फ्रेम रिले जाळे बसले. ते पूर्ववत होण्यास सुमारे २६ तास लागले. दुकानांत क्रेडिट कार्डे चालेनात. शाखा मुख्यालयांपासून तुटल्या. बिघाडाचे मूळ सापडेपर्यंत ग्राहकांकडून या सेवेचे पैसे घेतले जाणार नाहीत, असे कंपनीचे प्रमुख मायकेल आर्मस्ट्राँग यांना जाहीर करावे लागले.

साधा टेलिफोन मात्र त्या दिवशी शाबूत होता.

ज्यांच्या राउटरला फोनच्या तारेवरून जाणारी दुसरी वाट आखून दिलेली होती, त्यांचे काम कूर्मगतीने का होईना, चालू राहू शकत होते. या दुसऱ्या वाटेला ‘डायल बॅकअप’ म्हणत. सिस्कोच्या २५०० मालिकेतील राउटरच्या पाठीमागे ‘ऑक्स’ नावाचा एक पोर्ट असे. त्याला मोडेम जोडला, की राउटर स्वतः क्रमांक फिरवू शकत असे. मोडेमचा वेग सेकंदाला २८.८ किलोबिटच्या आसपास. आयएसडीएनची एक वाहिनी ६४ किलोबिटची, आणि तिची जोडणीही बरीच लवकर होई.

तार जोडणे हा सोपा भाग होता. मुख्य वाट बंद पडली हे राउटरला कळावे कसे, हा खरा प्रश्न!

पहिले उत्तर सरळ होते. मुख्य इंटरफेस पडला, की राखीव इंटरफेस उठवायचा. क्षणभराच्या खंडाने फोन लागू नये म्हणून काही सेकंदांची वाट पाहण्याची सोयही त्यात असे. पण फ्रेम रिलेने या उत्तरातील दोष उघडा पाडला. राउटरची तार पोहोचे ती फक्त कंपनीच्या जवळच्या स्विचपर्यंत. पुढचे सारे जाळे आकृत्यांमध्ये ढग काढून दाखवीत, आणि ते चित्र नकळत खरेच बोलत असे, कारण आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे. पलीकडची शाखा तुटली तरी अलीकडचा इंटरफेस ‘चालू’च दिसू शके. मग राउटर निर्धास्तपणे त्या मेलेल्या वाटेवर पॅकेट सोडत राही. फोन लागतच नसे.

म्हणून दुसरी युक्ती आली : तरंगता स्थिर मार्ग. राउटर प्रत्येक मार्गाला विश्वासाचा एक आकडा देतो. आकडा लहान तितका मार्ग विश्वासू. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफकडून कळलेल्या मार्गाचा आकडा ११०, आरआयपीच्या मार्गाचा १२०. फोनचा मार्ग हाताने लिहून त्याला २०० द्यायचा, म्हणजे एरवी तो झाकलेला राहतो. शेजारी राउटरकडून येणाऱ्या वार्ता थांबल्या, शिकलेला मार्ग तक्त्यातून गळाला, की हा आपोआप वर येतो. तार जिवंत दिसते की नाही याला येथे महत्त्वच उरत नाही. पलीकडून कोणी बोलते आहे का, एवढेच पाहिले जाते. या संपूर्ण कथेतील सर्वांत चतुर कल्पना हीच. तिची किंमत विलंबाची होती. आरआयपीमध्ये वार्ता थांबल्यावर मार्ग बाद ठरण्यास १८० सेकंद लागत.

आता उलटी अडचण. फोनचे पैसे मिनिटांवर मोजले जात आणि राउटर तर स्वभावाने बोलके! आरआयपी दर ३० सेकंदांनी आपला तक्ता सांगतो. प्रत्येक वार्तेसाठी फोन लागला, तर तो कधी खाली ठेवलाच जाणार नाही आणि महिनाअखेर बिल पाहून मालकाचे डोळे पांढरे होतील. म्हणून कोणते पॅकेट फोन लावण्याच्या योग्यतेचे, याची यादी राउटरला द्यावी लागे. पत्रव्यवहार, हिशेब योग्य. राउटरांच्या आपसांतील गप्पा नाहीत. १९९५ साली ओएसपीएफमध्येच अशा मागणीपुरत्या तारांसाठी मौन पाळण्याची सोय प्रसिद्ध झाली. शिवाय फोन करणारा आपलाच आहे ना, हे ताडण्यासाठी चॅप ही परवलीची पद्धत होती. तिच्यात गुप्त शब्द तारेवरून जातच नाही.

इतके सारे नीट लिहूनही एक हिशेब कागदावरच चुके. मुख्यालयाकडे येणारी आयएसडीएनची एक मोठी तार, पीआरआय, अमेरिकेत एका वेळी २३ वाहिन्या देत असे. एखाददुसरी शाखा तुटेल या अंदाजाला ती पुरेशी होती. १९९८च्या त्या दुपारी मात्र तारा एकेकट्या तुटल्या नाहीत, सगळा ढगच कोसळला. शंभर शाखांच्या राउटरांनी एकाच वेळी फोन फिरवले, तर २३ आत जातात आणि ७७ जणांना ‘व्यस्त’ हा सूर ऐकू येतो.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९९मध्ये, एमसीआय वर्ल्डकॉमचे फ्रेम रिले जाळे सुमारे दहा दिवस कोलमडत राहिले. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांनाही त्याची झळ बसली. या वेळी २६ तासांचा नव्हे, दिवसांमागून दिवसांचा भार त्या अरुंद फोनवाटांना वाहायचा होता.