भाऊचा धक्का : उतरण्याची जागा

मंडळी, मघाशी कुणीतरी विचारलं, ‘सर, मोझरीत समुद्र नाही, मग धक्क्याची गोष्ट कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण आपल्या वऱ्हाडचा कापूस रेल्वेनं मुंबईला जायचा आणि तिथून जहाजात चढायचा. रस्ता संपतो तिथं काय असतं, हे आपणही पाहायला हवं.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ रसूल, यांनी १८४१च्या सुमारास हा धक्का बांधला. त्याआधी गलबतातून उतरणाऱ्याला चिखलातून काठ गाठावा लागे. पुढे भराव पडले, गोद्या झाल्या, धक्क्याची जागाही बदलली. आजच्या धक्क्याचं इंग्रजी नाव ‘न्यू फेरी वॉर्फ’. लोकांच्या तोंडी मात्र भाऊच राहिले. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. जागा बदलली, दगड बदलले, तरी धक्का तोच कसा? आमचं उत्तर सोपं आहे : त्याचं काम तेच राहिलं म्हणून.

ते काम चुकलं की काय होतं, हे १७ जुलै १९४७ला दिसलं. ‘रामदास’ बोट इथून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही! मासे घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी अनेकांना वाचवलं. माणसं पोचवायची, तर त्यांची खबरही पोचली पाहिजे.

आज आपल्याकडून जायचं तर अमरावतीहून अंबा एक्सप्रेस, सीएसएमटीला हार्बरची लोकल, तिसरं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून धक्का जवळच. पुढं मोरा, रेवसला लाँच. २०२०पासून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्‌घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही सुरू झाली. मग धक्का कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्या सेतूवर दुचाकीला मनाई, रिक्षाला मनाई, पायी चालणाऱ्याला तर वाटच नाही. धक्क्यावर पाटीवालीही येते आणि मोटारवालाही. म्हणून कोणतीही नवी सोय झाली की आपण आधी एवढंच विचारावं, मंडळी : ज्याच्याकडे फक्त दोन पाय आहेत, तो यातून पलीकडं पोचतो का?