कांदोळीहून रोमला

महोत्सवी अंकात धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची यादी छापण्याचा प्रघात आहे, आणि भाविक वाचक ती मोठ्या कौतुकाने वाचतात. परंतु त्या यादीत देशी नावे येण्यास किती काळ लागला, आणि त्यासाठी कोणी किती अंतर तोडले, हे सहसा कोणी विचारीत नाही. 1739 साली वसईचा पाडाव झाला, युरोपियन मठवासी निघून गेले, आणि त्यानंतर उत्तर कोकणातील ख्रिस्ती जनांना मिस्सा, बाप्तिस्मा व अखेरचे तैलाभ्यंग मिळत राहिले ते मुख्यत्वे देशी पाद्रींच्या हातून. तरीही त्याच काळी खुद्द गोमंतकात देशी धर्मगुरू कितीही विद्वान असला तरी मानाच्या जागा त्याच्यासाठी नव्हत्या, आणि बहुतेक संन्यासी संघांची दारेही त्याला बंद होती.

ज्याला येथे न्याय मिळेना, त्याने रोमची वाट धरावी, हा मार्ग फार पूर्वीच एकाने घालून दिला होता. दिवाड बेटावरील मातेउस द कास्त्रो यास गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा देण्याचे नाकारले, तेव्हा तो खुष्कीच्या मार्गाने इराणातून निघाला आणि 1625 साली रोमला पोहोचला. तेथे शिकून तो धर्मगुरू झाला, आणि 1637 साली बिशप. विजापूरकरांच्या मुलखात, डिचोली व वेंगुर्ले या बाजूस, त्याने पुढे काम केले. तथापि आज आम्हास सांगावयाचे आहे ते दुसऱ्या एका प्रवाशाविषयी. तो निघाला तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता.

जुझे कुस्तोदिओ द फारिया याचा जन्म मे 1756 मध्ये बार्देशातील कांदोळी गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. त्यांनी तरुणपणी सेमिनरीत पाऊल टाकले होते, मग ते सोडून संसार मांडला. आई रोझा मारिया कांदोळीची. या दांपत्याचे जमले नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पोथीत शोभेल असे घर ते नव्हते. अखेर दोघांनी परस्परसंमतीने वेगळे होण्याचे ठरविले. पतीला गुरुदीक्षा घ्यावयाची तर पत्नीने संमती देऊन स्वतःही व्रतस्थ जीवन पत्करावे, असा ख्रिस्तसभेचा नियम होता. त्याप्रमाणे रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात गेल्या आणि कायतान पुन्हा अभ्यासाकडे वळले. मुलगा बापाकडे राहिला. मठाच्या जाळीआड गेलेल्या त्या माउलीला आपल्या लेकराचा निरोप घेता आला की नाही, हा विचार आम्हास हे लिहिताना अनेकदा अस्वस्थ करून गेला.

फेब्रुवारी 1771 मध्ये बापलेक लिस्बनला जाणाऱ्या जहाजावर चढले. कांदोळी अग्वादच्या किल्ल्यास लागून आहे. त्या किल्ल्याला नाव मिळाले तेच मुळी तेथील गोड्या पाण्यावरून, कारण दूरच्या सफरीची जहाजे तेथे पिंपे भरून घेत. पोराने लहानपणापासून किती शिडे क्षितिजाआड जाताना पाहिली असतील!

त्या काळच्या प्रवासाची कल्पना आज येणे कठीण. सुवेझचा कालवा व्हायला अद्याप 98 वर्षे होती. हिवाळ्यात ईशान्येचा वारा वाहतो, तो जहाजाला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत निघणे इष्ट. त्यास उशीर झाला तर केप ऑफ गुड होपजवळ पोहोचेपर्यंत दक्षिणेकडील हिवाळा सुरू होतो आणि तेथील वादळे भल्या भल्या गलबतांचे सांगाडे करून टाकतात. फेब्रुवारीत निघणे म्हणजे उशीरच. केपला वळसा घातल्यावर अटलांटिक महासागर उभा, आणि तो ओलांडताना वाऱ्यांच्या ओढीने पुष्कळ जहाजे ब्राझिलच्या बंदरांपर्यंत जात. खाणे म्हणजे वाळके बिस्किट व खारवलेले मांस, पाणी मोजून. हिरड्या सुजून रक्त येणे, दात हलणे, अंगावर काळे डाग पडणे, हा स्कर्व्ही नामक रोग लांबच्या सफरींत ठरलेला. लिंबाने तो बरा होतो असे एका स्कॉटिश वैद्याने 1753 सालीच लिहिले होते, पण इंग्रजांच्या आरमाराने ते मनावर घेतले 1795 साली. आमच्या कोकणात मात्र लिंबाची फोड पानात असतेच! असो.

23 नोव्हेंबर 1771 रोजी त्यांनी लिस्बन पाहिले. नऊ महिने झाले होते, आणि मुलगा वाटेतच पंधरा वर्षांचा झाला होता. कोकणाबाहेरचा हिवाळा ठाऊक नसलेले ते लेकरू उतरले ते अर्धवट उभ्या अशा शहरात. 1755 च्या सर्व संतांच्या सणादिवशी झालेल्या भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त केले होते, आणि पोम्बालचा मार्क्विस नवे रस्ते आखून ते पुन्हा बांधवीत होता.

या पोम्बालविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ख्रिस्तसभेशी तो कठोरपणे वागला. त्याने येशूसंघीयांना देशाबाहेर घालविले आणि 1760 मध्ये पोपमहाराजांच्या वकिलासही लिस्बनमधून हाकलले. पण त्याच माणसाच्या हातून 1761 साली असा कायदा निघाला की, आशियातील पोर्तुगीज मुलखांत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालात जन्मलेल्यांइतकाच मान व हक्क असावा. गोव्यातील अधिकाऱ्यांनी तो कायदा बरीच वर्षे बासनात ठेवला, ही गोष्ट निराळी. इकडे रोमशी तुटलेला संबंध 1770 साली पुन्हा जुळला. म्हणजे फारिया पितापुत्र पोहोचले ते दार उघडल्यानंतर वर्षभराने. दहा वर्षे आधी निघते, तर लिस्बनच्या धक्क्यावरून पुढे रोमला जाणे दुरापास्त झाले असते. पोपमहाराजांचे नवे वकील लिस्बनला आलेले होते. कायतानबाब मोठे खटपटी. त्यांनी शिफारसपत्रे मिळविली आणि 1772 साली दोघांनी रोम गाठले.

तेथे जुझेला प्रोपागांडाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पोप आठवे अर्बन यांनी 1627 साली स्थापिलेल्या या विद्यालयात दूरदूरच्या देशांतील मुले धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत. तीन राज्यांच्या सणाच्या सुमारास हे विद्यार्थी आपापल्या भाषेत रचना म्हणून दाखवीत, आणि ते ऐकावयास शहरातील बडी मंडळी जमत. सेमिनरीत ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना ठाऊक आहे की, पहिल्या वर्षी लॅटिनपेक्षा घरची आठवण अधिक जड जाते. जुझेने लॅटिनही पेलले. तो तेथे शिकत असतानाच, 1773 साली, येशूसंघ बरखास्त झाल्याची पोपमहाराजांची आज्ञा निघाली. दरम्यान वडिलांनीही ईशज्ञानशास्त्रात डॉक्टर ही पदवी मिळविली आणि ते लिस्बनला परतले.

12 मार्च 1780 रोजी जुझे कुस्तोदिओ रोममध्ये धर्मगुरू झाला. वय तेवीस. त्याच वर्षी ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा त्याचा प्रबंध छापून निघाला. तो त्याने पोर्तुगालच्या मारिया राणीसाहेबांना अर्पण केला होता. पुढे लिस्बनच्या राजवाड्यातील चॅपेलात प्रवचनास उभा राहिला असता तो गांगरला, आणि वडिलांनी खालून हळूच कोंकणीत ‘कातर रे भाजी’ असे म्हणून धीर दिला, ही गोष्ट गोमंतकात घरोघरी सांगतात. समोरची सगळी मंडळी भाजीपाला समज आणि सपासप काप, असा त्याचा भाव. त्याला कागदोपत्री आधार नसो, पण असे वाक्य कोकणी बापच बोलेल.

प्रोपागांडाचे कॉलेज होते ते शिकलेले धर्मगुरू मिशनच्या प्रदेशांत पाठविण्यासाठी. फादर फारिया मात्र गोव्याला परतला नाही. 1787 सालच्या पिंतोंच्या कटात बापलेकांची नावे गुंतली, वडिलांना अटक झाली, मुलगा 1788 मध्ये पॅरिसला गेला. तेथे संमोहनविद्येवर त्याने जे सिद्धांत मांडले, त्यामुळे त्याचे नाव आजही वैद्यकाच्या इतिहासात घेतले जाते. आमच्या काही धर्मबंधूंना ही विद्या रुचली नाही. पण संमोहित माणसाची निद्रा संमोहकाच्या अंगातील कोणा गूढ द्रवाने येत नाही, ती त्याच्या स्वतःच्या मनातून येते, हे त्याने स्पष्ट सांगितले, आणि त्यात जादूटोण्याचा लवलेश नाही. 20 सप्टेंबर 1819 रोजी पॅरिसमध्ये त्याचे देहावसान झाले.

संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी थोडे थांबावे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फादर फारियाचा पुतळा 1945 सालापासून तेथे उभा आहे. समोरची नदी थोड्याच अंतरावर अग्वादपाशी समुद्राला मिळते.