हे एकाहत्तर गुण कोणाचे?

नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिरासमोरून जाताना मला दोन गोष्टी एकदम आठवतात. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष या दरवाजांशी आले आणि दरवाजे बंद झाले. पुढे दादासाहेब गायकवाडांनी हा लढा सुमारे पाच वर्षे चालविला. त्याच मार्चमध्ये मुंबई सरकारच्या स्टार्टे समितीने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला. बाबासाहेब त्या समितीचेही सभासद होते. लढा आणि मोजणी अशी ही आमची दुहेरी परंपरा आहे. म्हणून कोणी प्रगतीचे मोजमाप मांडले, की मोजपट्टी तपासण्याचा हक्क आम्हाला आहे.

2015 साली संयुक्त राष्ट्रसंघाने 2030 पर्यंत गाठायची 17 शाश्वत विकास ध्येये ठरविली. भारतात निती आयोगाने 2018 पासून त्यांचा निर्देशांक काढला. शंभरांपैकी देशाला तेव्हा 57 गुण होते, 2023-24 च्या निर्देशांकात ते 71 झाले. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. नळ आले, संडास झाले, हे मी पाहिले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की हे 71 गुण कोणाचे?

महाडचा इतिहास काय सांगतो? 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्या वर्षी कोणी निर्देशांक काढला असता, तर महाडला पूर्ण गुण मिळाले असते. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करून आमच्या माणसांना त्या पाण्यापर्यंत जावे लागले, आणि त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. कागद आणि ओंजळ यांत एवढे अंतर होते.

बाबासाहेबांनी हे अंतर ओळखले होते. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी इलाख्याच्या शिक्षणाची सरासरी मांडली नाही. वर्गवार आकडे मांडून दाखविले, की मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा, पण प्राथमिक, माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षणात शेवटचा आहे. सरासरी फोडली, तेव्हाच अन्याय दिसला.

जागतिक ध्येयांनाही हे अमान्य नाही. लक्ष्य 17.18 उत्पन्न, लिंग, वय, वंश अशी फोड करून माहिती गोळा करण्यास सांगते. त्या यादीत जात नाही, पण देशाच्या परिस्थितीत महत्त्वाची ठरणारी अन्य वैशिष्ट्ये धरावीत असे म्हटले आहे. या देशात जातीहून महत्त्वाचे वैशिष्ट्य कोणते? निती आयोग दहाव्या ध्येयात अनुसूचित जातींवरील गुन्हे मोजतो. सहाव्या ध्येयात, पाण्यात, मात्र जात विचारीत नाही.

माझी आजी याच जिल्ह्यातल्या. गावच्या विहिरीपाशी त्या घागर घेऊन थांबत. कोणी वरून ओतले तर पाणी. आज त्यांच्या वस्तीत नळ आहे, पण गावाचे भरून झाल्यावर त्याला धार येते. सरकारी नोंदीत दोन्हीकडचा नळ एकच.

म्हणून वस्त्यांनी आपली मोजणी आपण करावी. कोणत्या वस्तीत, किती वाजता, किती घागरी, एवढेच वहीत लिहावे. ती वही ग्रामसभेत वाचावी. 71 गुणांत आपला वाटा किती, ते तिथे कळेल.