मिठाचं मैदान आणि नेवाळीची धावपट्टी

इंजिन नंबर ५०आर६२७. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला इन्व्हरकारगिल नावाचं गाव आहे. तिथल्या बर्ट मन्रोने १९२० साली ही मोटरसायकल नवीकोरी घेतली. अमेरिकेच्या इंडियन कंपनीची स्काऊट, ६०० सीसी. कंपनीतून निघाली तेव्हा तिचा वेग होता ताशी ८९ किलोमीटर. आज आपल्या गल्लीतली ११० सीसीची स्कूटर जोर लावून तेवढं काढते. मन्रोने गाडी विकली नाही, बदललीही नाही. पुढची चाळीसहून जास्त वर्षं तो तिला आपल्या शेडमध्ये खोलत, जोडत, फोडत आणि पुन्हा जोडत बसला. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याच गाडीने त्याने हजार सीसीच्या आतल्या गटात विक्रम केला. वेग ताशी सुमारे २९६ किलोमीटर.

या माणसावर रॉजर डोनाल्डसनने २००५ साली ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा काढला. मन्रोच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स. डोनाल्डसनला हा विषय नवीन नव्हता; मन्रो हयात असतानाच, १९७१ मध्ये त्याने त्याच्यावर माहितीपट केला होता.

आमच्याकडे बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत सात-आठ जणांचा रायडिंग ग्रुप आहे. रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेज, नाहीतर बारवी धरणाची चक्कर, परत येऊन मिसळ. सिनेमाचं नाव ऐकून आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं होतं की हा कुठल्यातरी भारतीय रायडरवरचा पिक्चर असणार. एकजण तर पहिली वीस मिनिटं वाट बघत होता की आपला माणूस कधी येतो. मग त्याला सांगावं लागलं की इंडियन हे गाडीचं नाव आहे, स्प्रिंगफिल्ड, मॅसॅच्युसेट्सच्या कंपनीचं, आणि कंपनीने ते तिथल्या मूळ रहिवाशांवरून उचललं. आपला त्यात काही संबंध नाही.

पण पिक्चर संपल्यावर जे बोलणं झालं, ते मला पिक्चरइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाईकवाली माणसं असा सिनेमा बघतात तेव्हा गोष्ट बघत नाहीत, पार्ट बघतात. त्या संध्याकाळी आमच्यात एक काका होते, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले टर्नर. सगळी हयात लेथवर गेलेली. पोरं हॉपकिन्सच्या विनोदांवर हसत होती आणि काका शेडमधल्या शेल्फकडे बघत होते.

मन्रोचं काम खरंच बघण्यासारखं होतं. सिलिंडर त्याने बिडाच्या जुन्या गॅस पाइपमधून कातून काढले. पिस्टन जुन्या डब्यांचे साचे करून ओतले. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून घासून बनवले. मोजायला मायक्रोमीटर नव्हता तेव्हा चाकाचा जुना स्पोक वापरला. इथे एकजण म्हणाला, “काका, हे फेकताहेत. स्पोकने कुठे माप घेता येतं?” काका म्हणाले, “अरे, ते गेज आहे. एका मापाशी दुसरं ताडून बघायचंय फक्त. आकडा तुला लागतो, कारण तुला तो कागदावर लिहायचाय. त्याला कुणाला दाखवायचा होता?”

शेल्फवर जळालेले, फुटलेले, चिकटलेले पिस्टन ओळीने मांडलेले असतात आणि वर लिहिलेलं असतं: वेगाच्या देवाला अर्पण. हा सिनेमावाल्यांचा मुलामा नाही, मन्रोच्या शेडमध्ये असं शेल्फ खरंच होतं. मला त्यात आमच्या धंद्याची आठवण झाली. आम्ही फसलेला कोड उडवतो आणि सहा महिन्यांनी तीच चूक नव्याने करतो. मन्रो ती डोळ्यांसमोर ठेवायचा.

थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय या माणसाने काय केलं ते कळत नाही. ८९ वरून २९६ म्हणजे वेग साधारण सव्वातीन पटीने वाढला. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. गाडीचा आकार तोच ठेवला तर सुमारे ३६ पट ताकद हवी. ६०० सीसीचं इंजिन वाढवत वाढवत मन्रोने ९५० सीसीपर्यंत नेलं, तरी ३६ पट ताकद त्यातून निघणं शक्यच नव्हतं. म्हणून गाडीला ते माशासारखं लांबट कवच. अर्धा विक्रम इंजिनाने केला, उरलेला अर्धा त्या कवचाने, असं मी म्हणतो. ग्रुपमधल्या एकालाही हे पटलेलं नाही; त्यांच्या मते सगळं इंजिनच.

आता पिक्चरमधल्या थापा. त्यावर आमच्यात खरी भांडणं झाली. सिनेमात मन्रो १९६२ मध्ये पहिल्यांदा बॉनव्हिलला जातो आणि ताशी दोनशे मैलांची हद्द ओलांडून येतो. वास्तवात तो तिथे अनेकदा गेला. १९६२ चा विक्रम १७८.९७ मैलांचा होता आणि सगळ्यात मोठा १९६७ चा. दिग्दर्शकाने सगळ्या खेपा एकीत कोंबल्या. सिनेमातला मन्रो एकटा, सडाफटिंग म्हातारा. खऱ्या मन्रोचं लग्न झालं होतं, चार मुलं होती, संसार पुढे मोडला. ग्रुपमधला एकमेव लग्न झालेला गडी यावर म्हणाला, “ते दाखवलं असतं तर पिक्चर वेगळा झाला असता.” बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र वाटतं, त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. चाळीस वर्षं शेडमध्ये बसणाऱ्या माणसाच्या घरात कुणीतरी दुसरं स्वयंपाक करत असतं, पोरांची फी भरत असतं. तो हिशोब वेगाच्या देवापुढे कुणी मांडत नाही.

एक चूक मात्र सिनेमाची नव्हती, विक्रम नोंदवणाऱ्यांची होती, आणि ती मला फार आवडते. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम एका फेरीवर देत नाहीत. ठरलेलं अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना कापायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे पाठीशी वारा असल्याचा फायदा उरत नाही. १९६७ मध्ये मन्रोचा वेग उत्तरेकडे १८४.७१० आणि दक्षिणेकडे १८३.४६३ मैल होता. विक्रम लिहिला गेला १८३.५८६. सरासरी काढून बघा, येते १८४.०८७. अमेरिकन मोटरसायकल संघटनेची ही चूक मन्रोच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी आणि मन्रो जाऊन ३६ वर्षांनी, विक्रम दुरुस्त झाला. (वेगांऐवजी वेळांची सरासरी घेतली तरी फरक तिसऱ्या दशांश स्थळात पडतो. मी करून बघितलं. असली कामं आम्हाला शुक्रवारी दुपारी सुचतात.)

मग विषय निघाला टायरचा. तपासणी करणारे अधिकारी मन्रोला विचारतात, पॅराशूट कुठे, आग विझवायची सोय कुठे, हे टायर किती जुने? त्याने टायरच्या भेगांत बूट पॉलिश भरलेलं असतं. यावर पोरं टाळ्या पिटत होती. आमच्यातला एकजण हसला नाही. दोन वर्षांपूर्वी काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री त्याची गाडी खड्ड्यातून उडाली, अजून मांडीत रॉड आहे. तो म्हणाला, “याला तिथे मैलोन्‌मैल मोकळं मीठ आहे. पडला तरी समोरून डंपर येत नाही. आपल्याला कुठाय मैदान?”

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आम्ही रोज ओलांडतो. काटई नाक्यावरून बदलापूरला येताना नेवाळी नाका लागतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे. इंग्रजांनी १९४२ च्या सुमारास आजूबाजूच्या गावांची जमीन लष्करासाठी घेतली आणि विमानतळ बांधला. कल्याणच्या या पट्ट्यात तेव्हा सगळीकडे लष्करच होतं. आजचं उल्हासनगर म्हणजे तेव्हाची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. छावणीचं शहर झालं, धावपट्टीचं काहीच झालं नाही.

जगभर मात्र अशा धावपट्ट्यांवरच मोटरशर्यती वाढल्या. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन हे महायुद्धातलं हवाई दलाचं तळ. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमची धावपट्टी तशीच. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक दशकं शर्यती भरवल्या. देशभरातले रायडर तिथे जात. जावा, येझदी, बुलेट, पुढे राजदूत ३५०. श्रीपेरुंबुदूरजवळचा पक्का ट्रॅक १९९० मध्ये झाला तोवर शोलावरम हीच या खेळाची पंढरी होती. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही एके काळी शर्यती झाल्या. अलीकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग रेस झाल्या आहेत. म्हणजे महाराष्ट्रात मोकळा सरळ तुकडा हवा असेल तर विमानांसाठी केलेल्या जागेतच शोधावा लागतो.

पोरं लगेच पेटली. नेवाळीला ड्रॅग स्ट्रिप झाली पाहिजे, सरकारला निवेदन देऊ, सह्या गोळा करू. एकाने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा काढून धावपट्टीची लांबीही मोजली. कोपऱ्यात एकजण गप्प होता. त्याचं घर नेवाळीच्या बाजूचं. तो पल्सर चालवतो, आमच्यात सगळ्यात चांगला रायडर आहे, घाटात त्याच्या मागे राहणंसुद्धा कठीण.

त्याने जे सांगितलं ते आम्हाला बातम्यांमधून अर्धवट माहीत होतं. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल, असं गावकरी धरून चालले होते. ती मिळाली नाही. शेतकरी त्यातल्या बऱ्याच जमिनीवर भात लावत राहिले आणि कागदावर मालक संरक्षण खातं राहिलं. २०१७ मध्ये नौदलाने भिंत घालायला घेतली, ऐन पेरणीच्या दिवसांत. २२ जूनला आंदोलन पेटलं. रस्ते अडले, गाड्या जळाल्या, शेतकरी आणि पोलीस, दोन्हीकडचे जखमी झाले. त्या दिवशी आमच्यातले काहीजण ऑफिसातून घरी परतताना शिळफाट्यापाशी अडकले होते. आम्हाला त्या दिवसाची आठवण म्हणजे ट्रॅफिक. त्याच्या घरची आठवण वेगळी आहे.

तो म्हणाला, “माझे आजोबा सांगायचे, विमान उतरायला सपाट जागा पाहिजे म्हणून बांध मोडले. बांध काय मोडतोस तू? भाताच्या खाचराला बांध नसेल तर पाणी राहील का? एकदा सपाट केलेलं पुन्हा खाचर करायला पिढी जाते.”

कुणी काही बोललं नाही. मग निवेदनवाल्याने विचारलं, “पण अरे, समजा जमीन तशीही परत मिळणार नाही. मग पोरांना रेसिंगला मिळाली तर वाईट काय?” तो म्हणाला, “वाईट काही नाही. आधी सातबाऱ्यावर आमचं नाव येऊ दे. मग मी स्वतः तिकीट फाडायला बसतो.”

मला दोघांचंही पटतं. काटई रस्त्यावर दर पावसाळ्यात पोरं मरतात हे खरं आहे, आणि वेगाची ओढ भाषणांनी जात नाही, तिला जागा द्यावी लागते. पण जी जागा आपल्याला रिकामी दिसते ती कुणीतरी रिकामी केलेली असते, हेही तितकंच खरं. बॉनव्हिलचं मैदानसुद्धा जसंच्या तसं उरलेलं नाही. शेजारी कित्येक दशकं पोटॅशचं उत्खनन चालू आहे, मिठाचा थर पातळ होत चाललाय आणि २०१४ व २०१५ मध्ये तिथला स्पीड वीक सलग दोन वर्षं रद्द करावा लागला. मन्रोला मिळालेलं मीठ आज त्याच्या पणतूंना मिळेलच असं नाही.

तरीही २०१८ मध्ये त्याच मिठावर एक गाडी धावली, जिची गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये मन्रोपेक्षा जास्त चालली. केला रिवास नावाच्या १८ वर्षांच्या मुलीने रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० ताशी १५७.०५३ मैलांनी, म्हणजे जवळजवळ २५३ किलोमीटरने पळवली. रायडर अमेरिकन, गाडी चेन्नईची. पहिल्या वीस मिनिटांत आपला माणूस शोधणाऱ्याला ही बातमी दाखवली तेव्हा तो म्हणाला, “हां, आता नाव बरोबर आहे.”

निवेदनाचा कागद अजून तयार झालेला नाही. मसुदा माझ्याकडे आहे. त्यात पहिला परिच्छेद जमिनीचा असावा की ड्रॅग स्ट्रिपचा, यावर ग्रुपमध्ये एकमत होत नाहीये. काकांनी वाचून त्यातल्या धावपट्टीच्या लांबीच्या आकड्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, “प्रत्यक्ष जाऊन मोजा.”