गोंदण : खूण कीं नांव?

१९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. पण गोंदणास ही सीमा ठाऊक नव्हती. उभय जिल्ह्यांत त्याच्या दोन तऱ्हा आढळतात. पहिली खुणांची : कपाळावर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन. गोंदणाऱ्या फिरत्या बायका सुईनें व काजळीनें ती काढीत. मरणोत्तर दागिने मागें राहतात, गोंदण तेवढें सोबत येतें, ही त्यामागील श्रद्धा. दुसरी तऱ्हा नांवाची. १८९१ सालीं सॅम्युएल ओ'रायली यानें अमेरिकेंत विजेच्या गोंदणयंत्राचें पेटंट घेतलें; पुढें तसलीं यंत्रें आमच्या जत्रांतही आलीं. अक्षरओळख नसलेल्या कित्येक स्त्रियांनीं हातावर पतीचें नांव गोंदवून घेतलें. आम्ही मात्र खूणच पत्करूं : नांव वाचण्यास तिला दुसऱ्याचे डोळे लागत, वृंदावन तिचें तिला वाचतां येई.