दोन गुंजी आणि पत्त्यांची टंचाई

खानापूर-लोंढा लोहमार्गावरील गुंजी हे माउली देवीचे गाव. याच नावाचे दुसरे गाव हिमालयात, कैलास-मानसरोवराच्या वाटेवर आहे. नाव एक, गावे दोन! अशा नावांमुळे पत्रे भरकटू नयेत म्हणून डाक-तार खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिन पद्धती योजिली. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. बेळगावकडील गुंजीचा आकडा पाचाने सुरू होतो, हिमालयातील गुंजीचा दोनाने.

हाच पेच पुढे संगणकांपुढे उभा राहिला. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या आर्पानेटवर जी पत्तापद्धती रूढ झाली, तीत सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात. त्या काळी तो साठा अक्षय वाटला. पण संगणक दुकानादुकानांत शिरले आणि टंचाई दिसू लागली. तेव्हा १९९४-९६ च्या सुमारास तोड निघाली: काही ठरावीक पत्ते ज्याने त्याने आपल्या घरात वापरावेत आणि बाहेर पडताना सर्वांनी मिळून एकच पत्ता सांगावा. बेळगावचा कारखाना, निपाणीची वखार आणि गुंजीचे दुकान यांच्या यंत्रांना आत तेच ते पत्ते मिळू लागले. काम भागले, परंतु बाहेरच्याला आतील यंत्राचा थेट ठाव लागेना. पुन्हा नाव एक, गावे अनेक!

खरा उपाय डिसेंबर १९९८ मध्ये सिद्ध झाला. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीतील पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी आहे. भारत सरकारने जुलै २०१० मध्ये संक्रमणाचा आराखडा काढला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला. २०१६ साली जिओची मोबाइल सेवा आली आणि नवे पत्ते सामान्यांच्या खिशात पोहोचले. गिऱ्हाईक पुढे गेले. अनेक लहान व्यापाऱ्यांची जाळी मात्र मागे राहिली. चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार?

वस्तुतः खीळ घालावी लागत नाही. पिन आला म्हणून गुंजीचे नाव पुसले गेले नाही. आकडा नावाशेजारी बसला. तशाच दोन्ही पद्धती एकाच यंत्रावर नांदतात. नवे यंत्र घेताना नव्या पत्त्यांची सोय पाहावी आणि पहारा दोन्ही दारांवर ठेवावा. कारण जुन्या दाराला कुलूप आणि नवे सताड उघडे, अशी चूक महागात पडते.